जज टिपणीसांची पिवळी फाईल

इंग्रजी वाचताना मी अडखळतो म्हणून मला नोकरी लागली, हे माझ्या बायकोला आजही खरं वाटत नाही. पण झालं ते असंच.

नागपूरला मी जिल्हा कोर्टात स्टेनो होतो. सुनंदाला पेनसिल्व्हेनियातल्या युनिव्हर्सिटीत नोकरी मिळाली आणि आम्ही स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलो. सुरुवातीची काही वर्षं मला इथे कामाची परवानगीच नव्हती. त्या काळात मी पोळ्या लाटायला शिकलो, दारातला बर्फ उपसायला शिकलो आणि चिडचिड करायलाही शिकलो. पुढे ग्रीन कार्ड झालं, नागरिकत्व झालं, आणि तासाभराच्या वाटेवर असलेल्या फेडरल कोर्टाच्या खिडकीवर मला काम मिळालं. लोक कागद द्यायचे, मी शिक्का मारायचो. शिक्का शेवटी शिक्काच, नागपूरचा काय नि इथला काय.

एक दिवस कळलं की जज टिपणीसांची सेक्रेटरी निवृत्त होते आहे. जज ललिता टिपणीस. नाव पाटीवर रोज दिसायचं, पण बाई कधी बोलल्या नव्हत्या. अर्ज केला. मुलाखतीला गेलो तर पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, केस बॉयकट केलेल्या बाई हातात पेन्सिल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर एक छापील पान सरकवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मोठ्याने वाचा."

वाचलं. तीन ठिकाणी अडलो. एका वाक्यात तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलो आणि परत मागे गेलो. मनात म्हटलं, पराते, चला, आपली खिडकी बरी. मी अडलो त्या तिन्ही जागी बाईंनी पेन्सिलीने खुणा केल्या, पान उचललं आणि म्हणाल्या, "ही तिन्ही वाक्यं वाईट आहेत. माझीच आहेत. सोमवारपासून या."

त्यानंतर नऊ वर्षं मी त्यांच्या ऑफिसात होतो. त्यांचा एकही निकाल माझ्या तोंडून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. हाताखाली दोन तरुण वकील असायचे, दरवर्षी नवे, नावाजलेल्या लॉ स्कूलमधून आलेले. ते मसुदा करायचे, बाई तो फाडून पुन्हा लिहायच्या, आणि शेवटी मला बोलावायच्या. मी खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचं. बाई खिडकीपाशी उभ्या, डोळे मिटलेले, हातात पेन्सिल. मी अडलो की पेन्सिल खाली यायची. पोरं याला 'पराते टेस्ट' म्हणायची. ती सुरुवातीला मला हसायची, नंतर त्यांना माझी भीती वाटायला लागली.

"मिस्टर पराते, निकाल हरणाऱ्यासाठी लिहायचा असतो," असं बाई सांगायच्या. "जिंकणारा शेवटचं पान बघतो आणि जेवायला जातो. हरणारा पुन्हा पुन्हा वाचतो. त्याला कळलं पाहिजे आपण का हरलो ते."

ऑफिसात मी मिस्टर पराते आणि त्या जज. मोटारीत मात्र मी विजयराव आणि त्या ललिताताई. दोघंही स्टेट कॉलेजचे, त्यामुळे जाणं-येणं बरोबर असायचं. एक आठवडा त्या गाडी चालवणार, एक आठवडा मी. गाडीत कोर्टाचं अक्षर काढायचं नाही हा त्यांचा नियम, आणि गाडीत फक्त मराठी. त्या जन्मल्या इथेच, पण वडील मिरजेचे. साठ वर्षांपूर्वी मिरज सोडताना वडिलांनी जे मराठी बरोबर आणलं तेच लेकीला मिळालं, आणि त्यात नंतर भर पडली नाही. त्यामुळे ह्या अमेरिकन न्यायाधीश बाई सिनेमाला 'बोलपट' म्हणायच्या आणि पँटला 'विजार'. "विजयराव, मोटार जरा हळू घ्या, हरणं आहेत." रस्त्यात खरोखरच हरणं उभी असायची. मी म्हणायचो, "ताई, आजकाल मोटार कोणी म्हणत नाही." त्यावर त्या म्हणायच्या, "मला कोणी कळवलं नाही."

त्यांच्या नोकरीच्या पायऱ्या मला त्या गाडीतच कळल्या, त्याही त्यांच्या वडिलांच्या एका प्रश्नातून. वडील म्हणजे अप्पा, युनिव्हर्सिटीत मातीचं शास्त्र शिकवायचे. आता नव्वदी पार केलेली, कानाने कमी, जिभेने शाबूत. लेक लॉ स्कूल संपवून एका म्हाताऱ्या जजच्या हाताखाली वर्षभर राहिली, तेव्हा अप्पांनी विचारलं, "तुझ्या वर कोण?" ती म्हणाली, जज. मग अकरा वर्षं ती, ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींच्या बाजूने लढायला सरकारने नेमलेली वकील होती. "तुझ्या वर कोण?" साहेब आहेत, आणि समोरचे सगळेच. मग मॅजिस्ट्रेट जज झाली. "वर कोण?" जिल्ह्याचे जज. मग राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवलं, सिनेटने मत दिलं, आणि ती स्वतःच जिल्ह्याची जज झाली. अप्पांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "अपील कोर्ट. तिथे तीन जज बसतात. मी चुकले तर ते माझा निकाल उलटवतात."

"हे उत्तम," अप्पा म्हणाले. "माणसाला रागावणारं कोणीतरी पाहिजे."

त्या रागावण्याची बाईंनी फाईल ठेवली होती. पिवळ्या पुठ्ठ्याची, कपाटात सगळ्यांत हाताशी. अपील कोर्टाने त्यांचा जो जो निकाल उलटवला तो तीत लावलेला. नवीन वकील पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला काम नाही, फक्त ही फाईल वाचायची. ती पोरं आयुष्यात कधी दुसरी न आलेली. दुपारपर्यंत त्यांचे चेहरे उतरायचे. बाई शेंगदाण्याची चटणी लावलेला ब्रेड खात विचारायच्या, "किती झाल्या?" ते चाचरत आकडा सांगायचे. "बरोबर. आता तुम्ही माझ्या पुढच्या चुका कमी करा." जेवणात मी त्यांना नऊ वर्षांत दुसरं काही खाताना पाहिलं नाही.

गावातल्या मराठी मंडळात बाईंची पंचाईत व्हायची. गणपतीला पुण्या-मुंबईची आयटीवाली मंडळी जमली की कोणीतरी हळूच जवळ सरकायचं. "ताई, एक छोटा डाउट होता, व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलंय यार…" जजला असला सल्ला देता येत नाही, आणि नाही म्हटलं की माणसं तोंड फिरवतात. बाईंनी उपाय काढला. त्या थेट किचनमधल्या सिंकपाशी जाऊन भांडी घासायला उभ्या राहायच्या. कोणी प्रश्न घेऊन आला की त्याच्या हातात फडकं द्यायच्या, "ताटं पुसा." दोन ताटं पुसून माणूस प्रश्नासकट परत जायचा. एकदा एका मोठ्या कंपनीतल्या मॅनेजरने हट्टाने चाळीस ताटं पुसली. उत्तर काही मिळालं नाही, पण पुढच्या वर्षी भांड्यांच्या कमिटीवर त्याचंच नाव लागलं.

तर अशा ह्या बाईंचं नाव एका वर्षी अपील कोर्टासाठी पुढे आलं. म्हणजे जे तीन जण त्यांना रागावायचे, त्यांच्यातल्याच एक त्या होणार. राष्ट्राध्यक्षांनी नाव पाठवलं, सिनेटच्या कमिटीपुढे सुनावणी ठरली. बाईंनी बोलून दाखवलं नाही, पण हे त्यांना मनापासून हवं होतं. वकील असताना त्या अपील कोर्टात उभ्या राहायच्या, आणि आपण वाचलेलं समोरच्याने वाचलेलंच नाही असं त्यांना पुष्कळदा वाटलं होतं. आपण तिथे बसलो तर सगळं वाचू, असं त्या म्हणायच्या.

सिनेटचा फॉर्म ही एक भयंकर चीज आहे. आयुष्यात केलेली सगळी भाषणं, सगळे लेख, सगळे निकाल, न छापलेलेसुद्धा. आणि एका रकान्यात, वरच्या कोर्टाने उलटवलेले तुमचे सगळे निकाल. इतर लोक म्हणे हा रकाना भरताना आजारी पडतात. आम्ही पिवळी फाईल काढली आणि अर्ध्या तासात मोकळे झालो. फॉर्म गेला, पण त्यानंतरही नव्या आणि राहून गेलेल्या जुन्या निकालांच्या प्रती वॉशिंग्टनला पाठवायच्या असायच्या. ते काम माझं.

त्या प्रती लावताना एक निकाल असा हाती आला की जो मी कधी वाचला नव्हता. तारीख बघितली आणि आठवलं. त्या महिन्यात मी नागपूरला होतो, बाबा गेले होते तेव्हा. माझ्या जागी तात्पुरती मुलगी होती, आणि 'पराते टेस्ट' काही तिच्याकडे दिलेली नव्हती. दहा पानांचा निकाल एका माणसाच्या अपंगत्वाच्या भत्त्याचा होता. त्याला मी डॉब्स म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. छपरं घालणारा माणूस, दोनदा छपरावरून पडलेला. सरकारी खात्याने भत्ता नाकारला म्हणून तो स्वतःच, वकिलाशिवाय, कोर्टात आला होता. बाईंनी खात्याचं म्हणणं मान्य केलं होतं. डॉब्स हरला होता आणि त्याने अपीलही केलं नव्हतं.

ऑफिसात कोणी नव्हतं. सवयीने मी मोठ्याने वाचायला लागलो. आठव्या पानावर अडलो. तिथे लिहिलं होतं की डॉक्टरांच्या मते हा माणूस दिवसातले सहा तास उभा राहू शकतो, आणि डॉक्टरांचा रिपोर्ट होता डिसेंबरचा. मी परत दुसऱ्या पानावर गेलो. दुसऱ्यांदा, पाठ मोडण्याइतका, तो पडला होता त्यानंतरच्या एप्रिलमध्ये.

म्हणजे पडायच्या आधीचा रिपोर्ट दाखवून पडलेल्या माणसाला उभं राहा म्हटलं होतं. मी वकील नाही, पण कॅलेंडर मला कळतं. दोन तारखांमध्ये सहा पानं होती, आणि डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

खरं सांगतो, मी तो कागद परत ठेवून दिला. दिवसभर कोणाला बोललो नाही. सुनावणी महिन्याभरावर होती. निकालाला अकरा महिने झालेले, अपिलाची मुदत कधीच गेलेली, कोणी विचारत नव्हतं. आणि मला वाटत होतं, ह्या बाई वर गेल्याच पाहिजेत. घरी जाऊन सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तो माणूस?" मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडे होती. डोंगर उतरताना म्हटलं, "ताई, एक सांगायचं होतं. तो छपरावरून पडला तो एप्रिलमधी ना?"

"कोण?"

"डॉब्स. अन् रिपोर्ट तं डिसेंबरचा हाये." घाबरलो की माझं नागपूर बाहेर येतं.

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विजयराव, हे मोटारीतलं बोलणं नाही. ऑफिसात सांगा." उरलेली चाळीस मिनिटं आम्ही दोघं समोर बघत होतो.

ऑफिसात त्यांनी कोटही काढला नाही. निकाल घेतला आणि म्हणाल्या, "वाचा, मिस्टर पराते." मी वाचलं, आठव्या पानावर थांबलो. पेन्सिल खाली आली नाही. त्यांनी डोळे उघडले, मूळ कागदांचा गठ्ठा मागवला आणि उभ्या उभ्या दोन तास वाचला. शेवटी म्हणाल्या, "त्याने हे लिहिलं होतं. त्याच्या अर्जात, हाताने. 'रिपोर्ट जुना आहे.' तीन शब्द. मी वाचलं नाही."

त्या वर्षीची वकील मुलगी हॅना म्हणाली की मसुदा आधीच्या वर्षीच्या मुलाने केला होता. "सही कोणाची आहे?" बाईंनी विचारलं, आणि तो विषय तिथे संपला.

कायदा असा होता की असल्या चुकीसाठी निकाल पुन्हा उघडायचा तर वर्षाच्या आत अर्ज यावा लागतो. वर्ष भरायला सव्वीस दिवस होते. वॉशिंग्टनहून बाईंना सुनावणीसाठी तयार करणारा एक गृहस्थ फोनवर होता, फार गोड बोलणारा. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी टिपणं घेत होतो.

"जज, मनापासून सांगतो, मतदान होईपर्यंत कशालाही हात लावू नका."

"मतदान कधी आहे?"

"सगळं नीट झालं तर दोन-तीन महिन्यांत."

"त्याच्याकडे सव्वीस दिवस आहेत."

"तुम्ही चुका करता हे तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात देताय."

"चूक मी केलीच आहे," बाई म्हणाल्या. "ती कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न आहे." आणि त्यांनी त्याचे आभार मानून फोन ठेवला. मग बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

त्याच दिवशी दोन्ही बाजूंना नोटीस गेली: कोर्टाला वाटतं की आपल्या हातून चूक झाली असावी, डॉब्स यांनी अर्ज केल्यास विचार होईल. पाच दिवसांनी डॉब्सचं पाकीट परत आलं. त्या पत्त्यावर तो राहत नव्हता. मी म्हटलं, मी शोधतो ना, बापा, दोन फोन केले की सापडेल. बाईंनी मान हलवली. कोर्टाने पक्षकाराला शोधत फिरायचं नसतं. त्यांनी कायद्यात होतं ते केलं, डॉब्सच्या वतीने फुकट काम करायला एक वकील नेमला, आणि आम्ही वाट बघायला लागलो. बाई रोज सकाळी गाडीतून उतरल्या की पहिल्यांदा विचारायच्या, "आलं?" मी म्हणायचो, नाही. वकिलाने त्याला बहिणीच्या गॅरेजमागच्या खोलीत शोधून काढलं. वर्ष भरायला तीन दिवस उरले असताना अर्ज आला, रेघांच्या कागदावर, हाताने लिहिलेला. खिडकीवरून तो मी स्वतः वर आणला.

ह्यानंतर सिनेटला पुरवणी पाठवायची होती. 'उलटवलेले निकाल' ह्या रकान्यात बाईंनी डॉब्सची नोटीस आणि अर्ज दोन्ही नोंदवले. 'उलटवणारं कोर्ट' ह्या जागी काय लिहायचं म्हणून मी थांबलो.

"माझं नाव लिहा," बाई म्हणाल्या.

"निकाल अजून उलटवला नाही तुम्ही."

"मग 'विचाराधीन' लिहा. पण नाव लिहा."

सुनावणीच्या दिवशी मी रजा काढून अप्पांजवळ बसलो, कारण लेक वॉशिंग्टनला. अप्पांच्या मांडीवर आयपॅड. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी प्रत्येक वाक्य ओरडून मराठीत सांगत होतो. रुपेरी केसांचे एक सिनेटर, बोलणं अगदी मऊ, कागद हातात धरून म्हणाले, "जज, तुम्हीच कबूल करता की तुम्ही दोन तारखा ताडून पाहिल्या नाहीत. अशा आणखी किती केसेस आहेत?"

"काय म्हणतो?" अप्पा.

"विचारतोय, अजून किती चुका केल्यात!" मी ओरडलो.

बाईंचा आवाज नेहमीचाच होता. "मला माहीत नाही, सिनेटर. माहीत असत्या तर त्याही ह्या यादीत असत्या. जज म्हणून मला ज्या दिसत नाहीत, त्या बघण्यासाठीच ते दुसरं कोर्ट आहे. तिथे जाण्यासाठी मी आज इथे आले आहे."

मी अप्पांना सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि मला चहा टाकायला सांगितला.

पुढचं सगळं लवकर झालं नाही. कमिटीचं मतदान पुढे ढकललं गेलं, पुन्हा ढकललं गेलं. वर्ष संपलं तसं नाव नियमाप्रमाणे राष्ट्राध्यक्षांकडे परत गेलं. वर्तमानपत्रांत 'चुकलेली जज' असं छापून आलं. त्या गोड माणसाचे फोन थांबले. बाई रोज केसेस ऐकत होत्या, चटणी-ब्रेड खात होत्या, गाडीत अप्पांच्या गोष्टी सांगत होत्या. एकदाच, बर्फात गाडी हळू चालली होती तेव्हा म्हणाल्या, "विजयराव, मला फार हवं होतं हो ते." मी म्हटलं, "ताई, हरणं आहेत." त्या हसल्या. त्या दिवशी हरणं नव्हती.

डॉब्सचा नवा निकाल दोन पानांचा झाला. तो मी चारदा वाचला, कारण तिसऱ्यांदाही एका जागी अडलो होतो. पहिलं वाक्य असं होतं: 'ह्या प्रकरणात कोर्टाकडून चूक झाली, आणि ते कोर्ट मीच आहे.' केस खात्याकडे परत गेली. खात्याने नव्याने तपासलं, नवे रिपोर्ट मागवले आणि भत्ता मंजूर केला.

आणि मग खिडकीवर एक पोस्टकार्ड आलं. कोर्टाला आलेलं कुठलंही पत्र केसच्या फाईलला लागतं, त्याला नंबर पडतो, ते कोणीही वाचू शकतं. म्हणून मी ते इथे सांगू शकतो. 'जज, पहिला निकाल मी तीनदा वाचला होता. कळला नाही. मला वाटलं मीच बिनडोक, म्हणून पुढे गेलो नाही. हा एकदाच वाचला. कळला. डॉब्स.'

बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. उत्तर देता येत नाही, तो नियम. "नंबर घाला, मिस्टर पराते," म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांनी दार लावून घेतल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या वर्षी नाव पुन्हा गेलं आणि मतदान झालं. बाईंची नेमणूक दोन मतांनी मंजूर झाली. रुपेरी केसांच्या सिनेटरनी विरोधात मत दिलं. त्यांच्याच पक्षाच्या दोघांनी बाईंच्या बाजूने दिलं. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन अप्पांकडे गेलो. मी कानाशी जाऊन ओरडलो, "अप्पा, ताई अपील कोर्टात!"

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. "म्हणजे आता तुझ्या वर कोण?"

"एकच कोर्ट, अप्पा. आणि ते फार थोड्या केसेस घेतं."

"मग तुला रागावणार कोण?" त्यांनी थोडा विचार केला. "नाहीतरी तू आता स्वतःलाच रागावतेस. जा. हरकत नाही."

बाईंचं नवं ऑफिस फिलाडेल्फियाला. सुनंदाची नोकरी इथे, माझी निवृत्ती जवळ आलेली, म्हणून मी गेलो नाही. सामान बांधताना पिवळी फाईल त्यांनी स्वतः घेतली. डॉब्सचा निकाल त्यांनी सगळ्यांत वर लावला होता. काळा झगा आयसेलिनच्या देशी बाजारातल्या दुकानाच्या साडीच्या प्लॅस्टिक कव्हरात घालून मागच्या सीटवर टाकला, नेहमीसारखा. खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, "येते, विजयराव." त्या गेल्या आणि तासाभराचा रस्ता मला एकट्याने फार लांब वाटला.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, "जे उघड्या फाईलमध्ये आहे ते लिहा. आणि माझं जे आहे ते लिहा. इतरांचं विसरा." तसंच केलं आहे.

मागच्या वसंतात सुनंदाच्या कॉन्फरन्ससाठी फिलाडेल्फियाला जाणं झालं. मी चटणीची बरणी घेऊन बाईंच्या ऑफिसात गेलो. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. आतलं दार अर्धवट उघडं होतं आणि एका मुलीचा आवाज येत होता, सावकाश, मोठ्याने वाचणारा. माझ्या जागी आलेली मुलगी असणार. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या, थोड्या वाकलेल्या, हातात पेन्सिल. मला पुढे व्हावंसं फार वाटलं. पण कोर्टाचा कागद वाचला जात होता, आणि आता तो ऐकायचा मला अधिकार नव्हता. बरणी टेबलावर ठेवली आणि मागे वळलो.

मी दाराशी पोचलो तेवढ्यात ती मुलगी अडली. एक वाक्य अर्ध्यावर थांबलं, आणि ती मागे गेली. मी वळून पाहिलं. बाईंची पेन्सिल खाली आली होती.